आधी मासा ठरवा, मग वाळू

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या सँड लॅबमध्ये मी २१ वर्षं वाळू तपासतोय. सकाळी गेल्या गेल्या मिक्सरवरचा नमुना आणायचा, ओल किती ते बघायचं, धुऊन चिकणमाती काढायची, सुकवून चाळण्यांच्या चळतीत घालायची आणि कुठल्या चाळणीवर किती ग्रॅम राहिलं ते वहीत लिहायचं. घरी मंगळवार पेठेत ३ फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. वाळूच कळते म्हणवणाऱ्या माणसानं त्या टाकीतली वाळू आजवर ३ वेळा काढून टाकली आणि चौथ्यांदा घातली. प्रत्येक वेळी मासे बादल्यांत, दगड टबात, घरभर खारट चिखल आणि पुढचे १५ दिवस जीव टांगणीला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

गावात कुणी समुद्री टाकी करायला घेतली की विचारायला येतं. परवा उद्यमनगरातल्या एका ओळखीच्यांचा मुलगा आला. "काका, वाळू कुठली चांगली?" मी विचारलं, "मासे कुठले ठेवणार?" तो म्हणाला, "ते नंतर बघू की. आधी टाकी तर भरू दे."

इथंच गडबड होते. फौंड्रीत कुणी येऊन नुसतं "चांगली वाळू द्या" म्हणत नाही. पंपाचं केसिंग ओतायचंय की ट्रॅक्टरचा भाग, पृष्ठभाग किती गुळगुळीत पाहिजे, भिंत किती जाड आहे, ते कळल्यावर साच्याच्या वाळूचा दाणा ठरतो. टाकीचंही तसंच आहे. दिवा बदलता येतो, पंप बदलता येतो, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चार दिवसांनी घेतला तरी चालतो. वाळू मात्र सगळ्यांच्या पायाखाली असते. चालू टाकीतली वाळू उपसायची म्हणजे तिच्यात साठलेली घाण पाण्यात सोडायची. म्हणून पिशवी विकत घ्यायच्या आधी एका कागदावर लिहून काढा, की पुढच्या दोन वर्षांत या टाकीत कोण राहणार.

दाणा कुणासाठी

क्लाऊनफिशच्या जोडीला वाळूचं फारसं पडलेलं नसतं. डॅमसेलही दगडांच्या आसऱ्यानं राहते. नुसते असेच मासे ठेवणार असाल तर मधल्या आकाराची कुठलीही स्वच्छ वाळू चालेल, आणि हा लेख तुम्ही थोडा भरभर वाचलात तरी हरकत नाही.

पण यलो कोरिस रास ठेवणार असाल तर थांबा. हा पिवळाधमक मासा रात्री झोपायला वाळूत शिरतो. भ्याला तरी शिरतो, आणि नवीन आणल्यावर दोन-तीन दिवस बाहेरच येत नाही. शिरतो म्हणजे तोंड खाली करून अंगाला झटका देत सूर मारतो. त्याच्यासाठी वाळू मऊ, बारीक आणि निदान ५ सेंटिमीटर जाड पाहिजे. माझ्या दुसऱ्या वेळच्या टाकीत दुकानदारानं दिलेला जाडा चुरा होता, ३ ते ५ मिलिमीटरचे कोरलचे कोनेरी तुकडे. दिसायला फार देखणा. त्यात मी रास सोडला. आठवड्याभरात त्याच्या पोटाखालचे खवले गेले, मग तिथं पांढरट डाग आला, मग त्यानं खाणं सोडलं. औषधपाणी केलं, पण वाचला नाही. दोष माशाचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. रोज रात्री त्याला मी खडीवर झोपवत होतो. आजही कुणाच्या टाकीत रास आणि जाडा चुरा एकत्र दिसला की मी गप्प बसू शकत नाही.

डायमंड गोबीची तऱ्हा वेगळी. ती तोंडात वाळूचा घास घेते, त्यातले बारीक जीव आणि अन्नाचे कण ठेवून घेते आणि वाळू कल्ल्यांतून खाली सोडते. दिवसभर हेच चालतं. दाणा तिच्या तोंडात मावला पाहिजे आणि कल्ल्यांना टोचता कामा नये. टोकदार, कडा असलेली वाळू इथं बाद. वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी अशी जोडी ठेवणार असाल तर उलट सगळी वाळू एकसारखी बारीक असूनही भागत नाही. कोळंबी बोगदा खणते, आणि बोगद्याचं छत टिकायला बारीक वाळूत मधेमधे शंखांचे, दगडाचे तुकडे लागतात. गवंडी नुसत्या वाळूची भिंत बांधत नाही, तसंच. जॉफिशला तर उभं बीळ खणायचं असतं. त्याला अशी मिसळ वाळू १२ ते १५ सेंटिमीटर तरी द्यावी लागते.

नासारियस गोगलगायी वाळूत पुरून राहतात आणि खाणं पडलं की सोंड वर काढून येतात. त्यांना बारीक ते मध्यम दाणा आवडतो. वाळू चाळणारी म्हणून एक स्टारफिश विकायला असते. ती ३ फुटांच्या टाकीत आणू नका. वाळूतले जीव खाऊन संपवते आणि मग उपाशी मरते, वाळू कितीही चांगली असली तरी.

आता आकार मोजायचा कसा? तुमच्याकडं माझ्यासारख्या पितळी चाळण्या नसणार, पण स्वयंपाकघर आहे. खसखस हातावर घ्या. तिच्याएवढी किंवा तिच्याहून बारीक वाळू म्हणजे १ मिलिमीटरच्या आतली. मोहरीएवढी म्हणजे १ ते २ मिलिमीटर. साबुदाण्याएवढी म्हणजे जाडा चुरा, ३ मिलिमीटरच्या पुढं. दुकानात पिशवीवर नाव काहीही असू दे, तुम्ही खसखस, मोहरी, साबुदाणा एवढंच बघा. बहुतेकांना खसखस आणि मोहरी यांच्या मधली वाळू बरोबर बसते. माझ्या आताच्या टाकीत बहुतेक दाणा अर्धा ते दीड मिलिमीटरचा आहे, आणि त्यावर चार मुठी शंखांचा चुरा.

फार बारीक घेतलं तर काय होतं, तेही सांगतो. २०१२ साली पहिली टाकी केली तेव्हा फौंड्रीत येणारी नवी कोरी सिलिका वाळू मी मालकांना विचारून घरी आणली. आमच्याकडं ही वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याकडून फोंडा घाटानं वर येते. धुतलेली, स्वच्छ, दाणा पाव मिलिमीटरहून जरासाच मोठा. मोल्डसाठी उत्तम. टाकीत वेव्हमेकर (पाण्याला लाटांसारखी चाल देणारा पंप) चालू केला आणि दोन तासांत एका कोपऱ्यात काच उघडी पडली, दुसऱ्या कोपऱ्यात वाळूचा ढीग. पंपाचा झोत फिरवून बघितला, मग ढीग दुसरीकडं. वाळू दगडांवर बसायची, पंपात जायची, आणि वर्षभरात पंपाचा इम्पेलर घासून खराब झाला. पंप कमी केला तर समुद्री माशांना पाण्याची जी चाल लागते ती मिळेना. म्हणजे पंप जितका दमदार, दाणा तितका जड हवा. रास आणि दमदार पंप दोन्ही पाहिजेत तर झोत वाळूकडं नको, दगडावर किंवा समोरच्या काचेच्या वरच्या भागावर आपटू द्या.

वाळू कशाची

समुद्री टाकीसाठी जी वाळू पिशवीत मिळते ती बहुतेक अरागोनाइटची असते. अरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. कोरल आणि कित्येक शंख-शिंपले आपला सांगाडा याचाच करतात. प्रवाळ बेटांवरची पांढरी वाळू अशीच तयार होते. कोरलचे, शिंपल्यांचे तुकडे, हॅलिमेडा नावाच्या चुनखडी शेवाळाचे पापुद्रे आणि पॅरटफिशनं दगड कुरतडून मागून टाकलेला चुरा, असं सगळं त्यात असतं. बहामाच्या उथळ पाण्यातली वाळू आणखी वेगळी. तिथं एखाद्या बारीक कणावर कॅल्शियम कार्बोनेटचे थर चढत जातात आणि लाटांनी लोळून दाणा गोल होतो. संक्रांतीचा हलवा करताना खसखशीच्या दाण्यावर पाक थेंबाथेंबानं चढवत बसतो, तसंच. फरक एवढाच, की इथं लोळून लोळून दाण्याला काटा येत नाही, तो गुळगुळीत होतो. म्हणून वाळू चाळणाऱ्या गोबीला हा दाणा मानवतो.

दुकानात सांगतात, अरागोनाइट घातलं की पीएच आपोआप ८.२ वर राहतो, काही बघावं लागत नाही. हे अर्धंच खरं आहे. अरागोनाइट विरघळतं ते पाणी पुरेसं आम्ल झाल्यावर. टाकीच्या पाण्याचा पीएच ८.१-८.३ असताना ते जवळजवळ जसंच्या तसं राहतं. वाळूच्या खोल थरात, जिथं जिवाणूंच्या उद्योगामुळं पीएच घसरतो, तिथं थोडंफार विरघळतं. ती मदत आहे, हमी नाही. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) आणि कॅल्शियम तुम्हाला किटनं मोजावंच लागणार आणि पाणी बदलून किंवा कमी पडलेलं मोजून घालून (डोसिंग) सांभाळावंच लागणार. अरागोनाइट घ्या असंच मी सांगतो, पण त्याच्या भरवशावर टेस्ट किट घ्यायचं टाळू नका.

मग सिलिका वाळू वाईट का? लोक तिला फार घाबरतात. म्हणतात, तिच्यातून सिलिका सुटते आणि काचेवर तपकिरी थर धरतो. तो थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, आणि डायटमला सिलिका लागते हे खरंच आहे. पण क्वार्ट्झचा दाणा पाण्यात इतका सावकाश विरघळतो की तो मुख्य पुरवठादार ठरत नाही. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत हा तपकिरी थर अरागोनाइटवरही येतोच. विरघळलेली सिलिका येते ती मुख्यतः नळाच्या आणि बोअरच्या पाण्यातून. आपल्या भागात पायाखाली काळा बेसॉल्ट आहे, त्यातून झिरपून आलेलं बोअरचं पाणी थेट टाकीत घालाल तर वाळू कुठलीही असली तरी तो थर हटणार नाही. आरओच्या पुढं डीआयचं (उरलेले क्षार काढणारं) नळकांडं लावा आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणा. त्या एका गोष्टीनं जितका फरक पडतो तितका वाळूच्या जातीनं पडत नाही.

तेव्हा नुसते मासे ठेवायचेत, खिसा हलका आहे, आणि नवी, धुतलेली, गोलसर दाण्याची सिलिका १ मिलिमीटरच्या आसपास मिळतेय, तर ती घालायला हरकत नाही. मात्र कोरडी सिलिका हाताळताना मास्क लावा आणि आधी पाणी मारा. त्या धुळीनं फुप्फुसं कायमची निकामी होतात. आमच्या धंद्यात सिलिकोसिसचं नाव कुणी हलक्यात घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

फौंड्रीतली वापरलेली वाळू मात्र कुणी फुकट दिली तरी नको. तिच्यात बेंटोनाइट असतं, कोळशाची पूड असते, कोअरमधलं (साच्याच्या आत बसवायच्या वाळूच्या गाभ्यातलं) रेझिन जळून राहिलेलं असतं आणि लोखंडाचे कण असतात. कितीही धुतली तरी ती टाकीसाठी स्वच्छ होत नाही. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावला तिचे ढीग दिसतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

घरी करायच्या तपासण्या

मूठभर वाळू घरी आणा आणि तीन गोष्टी करा. यात अर्धा तासही जात नाही, पण पुढचे महिने वाचतात.

पहिलं, व्हिनेगर. चमचाभर सुकी वाळू काचेच्या वाटीत घ्या, वर व्हिनेगर ओता. नसेल तर लिंबू पिळा. बुडबुडे जोरात आले तर वाळू कॅल्शियम कार्बोनेटची आहे. काहीच झालं नाही तर सिलिका किंवा दुसरा कुठला तरी दगड. अरागोनाइटचे पैसे मोजलेत आणि बुडबुडा येत नाही, तर पिशवी परत करा. एक लक्षात ठेवा. संगमरवराचा चुराही फसफसतो, पण तो कॅल्साइट असतो, अरागोनाइटपेक्षा आणखी अवघड विरघळणारा, आणि त्याचे कण बहुतेकदा धारदार असतात. दोन बोटांत चोळून बघा. बोटांना बोचलं तर माशाच्या पोटाला बोचणारच.

दुसरं, लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुक्या वाळूतून फिरवा. पिशवी उलटी केली की जे चिकटलंय ते कागदावर पडतं. त्या उद्यमनगरच्या मुलानं मागच्या खेपेला प्रयाग चिखलीकडून पंचगंगेची वाळू आणली होती. "धुऊन आणलीय काका, नदीचीच हाय, देवाची." चुंबक फिरवलं तर पिशवीला काळी मिशी फुटल्यासारखे कण उभे राहिले. आपल्या नद्या बेसॉल्टच्या डोंगरातून येतात, त्या दगडात मॅग्नेटाइट असतं, आणि वाळूतही ते उतरतं. असे कण टाकीत गेले की पंपाच्या चुंबकाला चिकटतात, आणि काच पुसायच्या चुंबकात एक कण अडकला तर काचेवर कायमचा ओरखडा. शिवाय नदीत सांडपाणी मिसळतं हे आपण सगळे डोळ्यांनी बघतोच. मी त्याला ती वाळू कुंडीत घालायला सांगितली.

तिसरं, बाटली. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश वाळू, वर पाणी, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि टेबलावर ठेवा. वाळू काही सेकंदांत तळाला जाते. वर जो दुधाळ ढग राहतो ती धूळ. १० मिनिटांनी पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं तर छान. तासाभरानंही दूधच दिसत असेल आणि वाळूवर मऊ साय धरली असेल, तर ती वाळू धुण्यात तुमचे दोन रविवार जाणार. लॅबमध्ये आम्ही चिकणमाती काढतो ती याच तत्त्वावर, फक्त तिथं वजन करतो.

बांधकामाची क्रश सँड यातल्या दोन तपासण्यांत नापास होते, म्हणून तिच्यावर वेगळं काही लिहीत नाही. पांढरी रांगोळी चालेल का, असंही मला दोघांनी विचारलंय. नाही. ती दगडाची पूड आहे, टाकीत गेली की खाली बसतच नाही, माशांच्या कल्ल्यांत जाते. रंगीत तर हातही लावू नका. गोड्या पाण्याच्या टाकीत घालतात ते निळे-गुलाबी खडेही इथं नकोत.

राहिली समुद्राची वाळू. आंबा घाट उतरला की रत्नागिरी, मग पिशवीभर आणली तर काय बिघडलं, असं वाटतं. पहिली गोष्ट, किनारपट्टी नियमन क्षेत्रातून वाळू उचलायला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. दुसरी, ती वाळू टाकीला सोयीचीही नाही. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर काळी जड वाळू आहे, तिच्यात लोह आणि टायटॅनियमचं इल्मेनाइट आहे. वर गावाचं सांडपाणी, बोटींचं तेल. किनाऱ्यावर फिरा, वाळू तिथंच राहू द्या.

याहून गंभीर गोष्ट कोरलची. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे वगैरे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. कुणी सुट्टे कोरलचे तुकडे किंवा समुद्रातून काढलेला जिवंत दगड पिशवीत घालून देत असेल तर घेऊ नका. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहे, ते तिथं वाढायला किती वर्षं लागतात याचा विचार करा. कंपनीच्या सीलबंद पिशवीतली, नाव आणि दाण्याचा आकार छापलेली वाळू पावतीसकट घ्या, आणि दगड कृत्रिम, कोरडे घ्या. जिवाणू त्यांच्यावरही बसतात, फक्त महिना-दीड महिना धीर लागतो.

किती जाड, किती किलो

पुस्तकी हिशोबात वाळूचा जाड थर मोठा गुणी असतो. १० ते १५ सेंटिमीटर बारीक वाळू घातली की खालच्या थरात ऑक्सिजन पोचत नाही. माशांच्या घाणीतून शेवटी नायट्रेट तयार होतं, तिथले जिवाणू त्यातला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. म्हणजे नायट्रेट फुकटात कमी. मीही तिसऱ्या वेळेला १२ सेंटिमीटरचा थर केला होता, आणि दोन वर्षं नायट्रेट खरंच कमी राहिलं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेनं शहराला वेढा घातला, नळाला पाणी नाही, लाईट जात-येत. आमच्या गल्लीत पुराचं पाणी आलं नाही, ज्यांच्या घरात शिरलं त्यांच्यापुढं माझ्या टाकीचं दुःख काहीच नव्हतं. पण पंप बंद पडले तेव्हा कळलं की जाड वाळू म्हणजे अब्जावधी जिवाणू, आणि तेही श्वास घेतात. पाण्याची चाल थांबल्यावर तासाभरातच मासे वर येऊन धापा टाकायला लागले. बॅटरीचा एअर पंप होता म्हणून निभावलं. रात्रभर मी आणि बायको आळीपाळीनं सेल बदलत बसलो. त्यानंतर टाकी हलवायची वेळ आली तेव्हा तळाला काळे पट्टे आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास. तो हायड्रोजन सल्फाइड, माशांना विषच. तो थर ढवळायचाच नाही, असं मी ठरवलं. पाणी उपसलं आणि वाळू सगळी टाकून दिली.

म्हणून जिथं लाईटचा भरवसा नाही तिथं ३ ते ५ सेंटिमीटरच्या वर जाऊ नका, राससाठी ५-६. जॉफिश हवाच असेल तर एका कोपऱ्यात काचेची किंवा अॅक्रिलिकची आडवी पट्टी लावून तेवढाच भाग खोल करा. वाळू पातळ असली की नायट्रेटचा भार पाणी बदलण्यावर येतो. ते काम आपल्या हातात असतं, पूर आपल्या हातात नसतो.

किलोचा हिशोब सोपा आहे. टाकीची लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १,००० नं भागा. लिटर मिळतात. माझी टाकी ९० बाय ४५. ४ सेंटिमीटर थर म्हणजे ९० × ४५ × ४ = १६,२०० घन सेंटिमीटर, म्हणजे १६.२ लिटर. सुक्या अरागोनाइटचा १ लिटर साधारण १.४ किलो भरतो, तेव्हा २२-२३ किलो. दाण्याच्या आकारानुसार हे कमी-जास्त होतं. दुकानात लिटरचा मग वाळूनं भरून काट्यावर ठेवा, नक्की आकडा मिळेल. दगडांनी झाकलेली जागा वजा करू नका, थोडी वाळू उरलेली बरी.

आणि पेठेतल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांसाठी एक सांगणं. वाळू, दगड, पाणी, स्टँड मिळून ३ फुटी टाकी पाव टनाच्या आसपास जाते. माडीवरच्या लाकडी तक्तपोशीवर ती ठेवू नका. तळमजल्यावर, भिंतीलगत, फरशीवर ठेवा.

रंगाबद्दल फार बोलत नाही. पांढरी वाळू उजेड परतवते, टाकी खुलते, घाण मात्र लगेच दिसते. ती दिसते हेच मला बरं वाटतं.

धुणं आणि घालणं

कोरडी वाळू धुवायची. ओली, जिवाणूंसकट येणारी लाइव्ह सँड धुवायची नाही, थेट टाकीत. ती घेतलीत तर पिशवीवरची तारीख बघा. उन्हात तापलेल्या गोदामात महिनोन्‌महिने पडलेल्या पिशवीत जिवंत काय उरलं असणार, याचा विचार करून जादा पैसे द्यायचे की नाहीत ते ठरवा.

धुताना एका वेळी ३-४ किलोच घ्या. बादलीत नळाचं पाणी सोडा, हात तळापर्यंत घालून ढवळा, पाच मोजा, पाणी ओता. दहा-बारा वेळा. सगळी पिशवी एकदम बादलीत घालणारे वरवर धुतात आणि मग आठवडाभर टाकीत धुकं बघत बसतात. शेवटचं पाणी डीआयचं. हे पांढरं पाणी बाथरूमच्या मोरीत ओतू नका, खाली वाळू बसून पाईप तुंबतो. आम्ही अंगणात झाडाखाली ओततो. वाळूत अजून मीठ नसतं तोवर झाडांना काही होत नाही.

टाकीत आधी दगड. काचेवर थेट ठेवायला जीव धजत नसेल तर ट्यूबलाइटच्या पॅनेलला असते तसली प्लॅस्टिकची चौकटी जाळी खाली घाला. दगड हलवून बघा, एक बोटही डुगडुगता कामा नये. मग भोवतीनं वाळू. उलटं केलंत, म्हणजे वाळूवर दगड रचलेत, तर एके दिवशी गोबी किंवा कोळंबी खालून वाळू काढेल आणि दगड काचेवर येईल.

मीठ वेगळ्या पिंपात कालवून, १.०२५ घनता आणि २५-२६ अंश तापमान बघून मगच ओता. वाळूवर स्टीलचं ताट उपडं ठेवा आणि पाणी ताटावर हळूहळू सोडा. वेव्हमेकर लगेच लावू नका, एक रात्र जाऊ द्या. फिल्टरमध्ये पांढरा फ्लॉस (गाळायचा कापूस) घाला आणि तो दिवसाआड बदला. पाणी दोन-तीन दिवसांत निवळतं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा नाही. बहुतेकांच्या टाकीत त्याला ४ ते ६ आठवडे लागतात.

पुढं निगा राखताना दर आठवड्याला पाणी बदलता तेव्हा एकचतुर्थांश भागातलीच वाळू नळीनं साफ करा. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी यासाठी उत्तम. टोक वाळूत एक सेंटिमीटर खुपसा, दाणे नळीत गरगरले की बोटानं दाबा, दाणे खाली, घाण वर. पुढच्या आठवड्यात पुढचा भाग, म्हणजे महिन्यात फेरा पूर्ण होतो आणि जिवाणूंचं घर एकदम मोडत नाही. अल्कलिनिटी वाढवायची औषधं एकदम ओतू नका. कॅल्शियम कार्बोनेट वाळूवर बसतं आणि ती गठ्ठ्यांनी घट्ट होते, आमच्याकडं सोडियम सिलिकेटच्या कोअरवर कार्बन डायऑक्साइड सोडल्यावर होते तशी. कोअरला ते हवं असतं, रासला नको असतं. रात्री त्याला शिरायला जागा सापडत नाही.

उरलेली दोन-तीन किलो वाळू धुऊन, कडक वाळवून झाकणाच्या डब्यात भरा. डब्यावर दाण्याचा आकार आणि तारीख लिहा. वर्षाकाठी नळीतून थोडी वाळू जातेच, थर बोटभर खाली येतो. तेव्हा याच डब्यातली मूठमूठ वाळू, पंप बंद करून, पीव्हीसी पाईपच्या तुकड्यातून तळाशी सोडायची.